वढाळ म्हैस

आमच्या गावात पळणाऱ्या माणसाला थांबवून विचारायचं असतं. असा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडलेला मी तरी पाहिलेला नाही. माणूस पळतोय म्हणजे कुणाला तरी पान लागलंय (साप चावला असं आमच्याकडे थेट म्हणत नाहीत), नाहीतर पेंढ्याच्या गंजीनं पेट घेतलाय, नाहीतर कुणाच्या घरातलं थकलेलं माणूस गेलंय आणि निरोप पोचवायचाय. बघणाऱ्यानं हातातलं काम टाकायचं, "काय झालं?" म्हणून ओरडायचं आणि उत्तराची वाट न बघता मागे पळत सुटायचं. लग्न होऊन औंढ्यात आले तेव्हापासून मीही हेच करत आले. तरीही ज्या सकाळी मी पहिल्यांदा काही कारण नसताना पळाले, त्या सकाळी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

भाताची कापणी-मळणी उरकली होती. थंडी नुकती पडायला लागली होती. मी धार काढली, दूध डेअरीवर घालून आले, मुलीचे शाळेतले जुने पांढरे कॅनव्हासचे बूट पायात चढवले आणि मोकळ्या खाचरांच्या कडेनं डांबरी रस्त्याकडे पळत निघाले. शेजारच्या काकी बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी मला बघितलं, विळा टाकला आणि "काय झालं गं? कोन गेलं?" करत माझ्यामागे धावल्या. काही नाही, असं सांगायला मी हात केला. त्यांना वाटलं, लवकर या म्हणतेय. मारुतीच्या देवळापाशी मी दम खायला थांबले तेव्हा माझ्यामागे काकी, त्यांच्यामागे दूध घालायला निघालेले एक आबा आणि गाडी रस्त्यात आडवी लावून उतरलेला एक अनोळखी माणूस, अशी मंडळी जमली होती.

"काही झालं न्हाई," मी म्हणाले.

"मंग पळतीस कशापायी?" काकी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या.

"असंच."

"असंच?" काकींनी हा शब्द असा काही उच्चारला, की मला माझीच लाज वाटली. आबांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मान हलवली आणि परत फिरले. तो अनोळखी माणूस मात्र हसत होता, त्याचा मला फार राग आला.

खरी गंमत पुढे झाली. काकी तिथून तडक आमच्या घरी गेल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून पळाली की वो!" मराठीत ही एक पंचाईतच आहे. शाळेत धावण्याची शर्यत असते, पेपरात धावपटू असतात, पण आमच्याकडे बोलताना सगळे पळतात. त्यातही पुरुष पळाला तर कामासाठी पळतो आणि बाई पळाली तर कुणाबरोबर तरी पळते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. तर आत्या हे ऐकल्यावर रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्या आधी गोठ्यात गेल्या. दोन्ही म्हशींच्या कासा रिकाम्या आहेत हे हात लावून बघितलं आणि बाहेर येऊन काकींना म्हणाल्या, "धार काडून कोन पळून जातं व्हय?"

हे मला काकींनीच नंतर सांगितलं. मी घरी आले तेव्हा आत्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, मी नुसती पळायला गेलते," मी म्हणाले. "रोज जानार हाय."

"धार?"

"धार काडून."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि सुपातला खडा उचलून अंगणात टाकला.

बस. पुढे कित्येक दिवस त्या ह्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्या काही अबोल बाई नाहीत. म्हशीशी त्या अर्धा अर्धा तास बोलतात, रेडिओला उलट उत्तरं देतात. त्यामुळे त्या "बरं"चा अर्थ काय, हे मला कळेना. बरं म्हणजे जा, की बरं म्हणजे बघते किती दिवस जातेस?

आता मला पळायची बुद्धी कुठून झाली, तेही सांगते, कारण ती एका चुकीतून झाली. त्याच्या काही दिवस आधी दुधाची गाडी मला चुकवून पुढे निघाली होती. डेअरीचं शटर पडलेलं, गाडी वळणावर दिसतेय, आणि मी हातात किटली घेऊन तिच्यामागे पळाले. किटली आदळत होती, दूध सांडत होतं, ड्रायव्हर काही मागे बघेना. बंगल्यांच्या वळणापर्यंत मी पळाले आणि गाडी गेलीच. माझा स्वभाव तापट आहे. एरवी मी ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण मी तिथं उभी राहिले, छाती धडधडत होती, कान गरम झाले होते, आणि मला चक्क आनंद झाला होता. मी आजूबाजूला बघितलं, कसला आनंद? दूध वाया जाणार होतं, दिवसभर चुलीपाशी ते आटवत बसायचं होतं. तरी डोकं असं हलकं झालं होतं, जसा काही वर्षभर साचलेला पोटमाळा झाडून काढावा. हे काय आहे, हे मला समजून घ्यायचं होतं. पळायला मी लागले ती त्यासाठी.

पण रोज सकाळी गाव मागे घेऊन पळता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघांनी थांबवलं. तिसऱ्या दिवशी एका आजीनं माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणलं आणि मी ते पिईपर्यंत हलली नाही. डॉक्टरनं सांगितलंय असं ठोकून द्यायचं, हा सल्ला मला पुढे अनेकींनी दिला. पण मला काहीच झालेलं नव्हतं, आणि नसलेला आजार अंगाला लावून घ्यायची मला भीती वाटते. एकदा आजारी म्हणून नाव पडलं की हळदीकुंकवालासुद्धा बायका तब्येतच विचारतात.

मग मला दाव्याची युक्ती सुचली. गोठ्यातलं एक जादा दावं, म्हणजे म्हैस बांधायचा दोर, मी गुंडाळून हातात घेतलं आणि निघाले. काकींनी मान वर केली, दावं बघितलं आणि पुन्हा गवताला लागल्या. देवळापाशी आबांनी नुसतं "सुटली का?" विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच पुढे गेले. दावं हातात असलेली बाई पळते कारण तिचं जनावर सुटलंय, ह्यात विचारण्यासारखं काय आहे? पांढरे बूट घालून म्हशीमागे कोण जातं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. लोक हाताकडे बघतात, पायाकडे नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं.

तो सगळा हिवाळा मी दावं घेऊन पळाले. खाचरांची कडा, डांबरी रस्ता, भाड्यानं देतात त्या बंगल्यांचं वळण आणि परत. धुक्यात पुढचा माणूस दिसायचा नाही, वाटाण्याच्या वाफ्यांवरून ओला वास यायचा. आणि मी पळता पळता विचार करायचे. शेतात राबणाऱ्या बाईला आणखी पळायला कशाला लागतं? हे मला घरात, माहेरी, बाजारात सगळ्यांनी विचारलं असतं, म्हणून मीच आधी स्वतःला विचारून ठेवलं. दमणं तर दोन्हीकडे आहे. मग लावणीचा दिवस संपला की अंग का आंबतं, आणि इथे का मोकळं होतं?

मला काही उत्तरं सापडली, ती बरोबर आहेत की नाही माहीत नाही. भाताची लावणी करताना आम्ही मागे मागे सरकतो. दिवसभर वाकून, पाठमोरं चालायचं. जे लावून झालं ते समोर दिसतं, जिकडे चाललोय तिकडे बघायचंच नसतं. गवताचा भारा डोक्यावर असला की मान हलवता येत नाही. शेणाची पाटी कमरेवर असली की एकाच अंगाला कलून चालायचं. माझ्या साऱ्या कामांत अंगाचा एकेक तुकडाच कामाला जुंपलेला असतो. पळताना मात्र मी अख्खी असते, तोंड पुढे करून आणि दोन्ही हात हलवत, एका हातात दावं असलं तरी.

माझं माहेर वराळ्याचं. तिथली शेतं आता इमारतींखाली गेली. माझी वहिनी सोसायटीच्या आवारात सकाळी चकरा मारते, तिला कुणी थांबवून विचारत नाही. तिच्याकडे शेत उरलं नाही म्हणून तिला व्यायाम शोभतो, माझ्याकडे शेत आहे म्हणून मला शोभत नाही. हे कुठलं शास्त्र? वहिनीला मी हे विचारलं तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही फार विचार करता." तेही खरंच आहे.

रविवारी पुण्याहून पळणारी माणसं यायची. रंगीत कपडे, कानात काहीतरी, मनगटावर घड्याळ. त्यांना गावात कुणी थांबवायचं नाही. शहरातली माणसं, त्यांचं सगळंच विनाकारण असतं, असं आमच्याकडे धरूनच चालतात. एकदा वळणावर एक गृहस्थ पाय ताणत उभे होते. मला राहवलं नाही. मी थांबले आणि विचारलं, "तुम्ही कशासाठी पळता?"

त्यांनी माझ्या हातातल्या दाव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमची म्हैस हरवलीये का?"

"नाही. तुम्ही सांगा ना, कशासाठी?"

"स्ट्रेस जातो," ते म्हणाले.

"जातो कुठं?"

ते हसले, घड्याळात बघितलं, आणि म्हणाले, ते काही मला माहीत नाही बुवा. मला ते गृहस्थ आवडले. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

आणि ह्या दरम्यान, मला न विचारता, आमच्या म्हशीचं नाव गावोगाव पसरत होतं. वढाळ. वढाळ म्हणजे दावणीला न टिकणारं, दावं तोडून दुसऱ्याच्या रानात घुसणारं जनावर. माझा नवरा तळेगावला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये असताना त्याला फोन यायचे, "तुजी म्हैस परत सुटली रं, वैनी गेल्यात मागं." तो "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. यातून पुढे काय होईल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे तेव्हा दोन म्हशी होत्या, एक म्हातारी आणि एक तिची लेक. लेकीला आत्या "बाय" म्हणायच्या. तिच्याइतकी गरीब म्हैस मी दुसरी पाहिलेली नाही. दावं न लावता अंगणात उभी राहायची. फटाके वाजले तरी कान हलवायची आणि रवंथ करायची. बगळा तिच्या पाठीवर बसून झोपून जायचा. आत्यांनी तिला रेडकू होती तेव्हापासून हातानं पाजलं होतं. पण त्या हिवाळ्यात आत्यांच्या गुडघ्यांनी जवाब दिला. त्यांना संध्याकाळच्या धारेला बसता येईना, बसल्या तर उठता येईना. बाय गाभण होती. पुढे पाऊसकाळ, लावणी, दोन म्हशी आणि नवजात रेडकू, हे एकटीच्यानं व्हायचं नाही, हे मला दिसत होतं आणि आत्यांनाही. बाय द्यायची ठरली. म्हातारीला कोण घेणार होतं?

सकाळी मी जो वेळ पळायला देते तो गोठ्याला दिला असता तर बाय राहिली असती का? हे मला घरात कुणी विचारलं नाही. पण मी स्वतःला विचारलं आणि अजून विचारते. पळणं सोडलं असतं तर माझ्यानं दोन म्हशी कदाचित झाल्या असत्या, पण मी कशी झाले असते, ते मला सांगता येत नाही.

आत्यांची एकच अट होती. बाय पाळणाऱ्याच्या घरात द्यायची, व्यापाऱ्याला नाही. व्यापाऱ्याच्या गाडीत चढलेलं जनावर पुढे कुठे उतरतं, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर कुणी सांगत नाही.

होळीच्या सुमारास गिऱ्हाइकं यायला लागली. यायची, दात बघायची, कास बघायची, "म्हैस लय झ्याक हाय" म्हणायची, चहा प्यायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. एकानं फोन करून सांगितलं की बायकोचा विचार बदलला. एकजण वाटेतूनच, डेअरीपाशी कुणाशी तरी बोलून परत गेला. आत्यांना काही उमगेना. त्यांनी बायवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला. व्यापारी मात्र येरझाऱ्या घालायला लागला. "द्या मला," तो म्हणायचा, "मला काय, कशीबी असू दे."

"कशीबी म्हंजी?" आत्या चिडून विचारायच्या. तो हसून गाडी चालू करायचा. तो गेला की आत्या गोठ्यात जाऊन बायच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. खाली बसता येत नव्हतं म्हणून उभ्याच.

मग कुरवंड्याहून एक भाऊ आले, त्यांच्याबरोबर त्यांची बायको. साधी माणसं, घरात लहान नातवंड, दुधासाठीच म्हैस हवी होती. बायकोनं बायच्या कपाळावर हात फिरवला तर बायनं डोळे मिटून घेतले. आत्या खूश झाल्या. मी चहा आणला. काकी कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं जमल्यासारखं वाटत होतं, तेवढ्यात त्या भाऊंनी कप खाली ठेवला.

"मावशी, एक इचारू का? राग नका मानू. म्हैस वढाळ हाय म्हनत्यात."

"माजी बाय? वढाळ?"

"तुमची सून रोज सकाळच्याला दावं घेऊन हिच्यामागं पळती, आमाला लोनावळ्याच्या बाजारात दोगातिगांनी सांगितलं. आमचं घर कड्यावर हाय, मावशी. नागफनीच्या अंगाला. गाबन म्हैस पळाली तर थेट खाली. आमाला न्हाई झेपायची."

माझ्या हातात ट्रे होता. गेलेली गिऱ्हाइकं, उतरवलेल्या मीठमोहऱ्या, व्यापाऱ्याचं "कशीबी", सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. सुचलंही लगेच. म्हातारीवर ढकलायचं. ती पळते, ही नाही. म्हातारी काही नाही म्हणणार नव्हती. मी तोंड उघडलं.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग त्या भाऊंकडे वळल्या.

"म्हैस न्हाई पळत," त्या म्हणाल्या. "माजी सून पळती."

कुंपणाशी काकींचा हात तोंडावर गेला. आमच्या अंगणात, परगावच्या माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं, सून पळती! मी वर्षानुवर्षं ह्या बाईबरोबर राहिले, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पळती म्हंजी?" भाऊंनी विचारलं.

"पळती म्हंजी पळती. बंगल्यापत्तूर जाती आनि माघारी येती."

"कशापायी?"

हा प्रश्न मी सगळा हिवाळा हातात धरून पळाले होते. वहिनीला विचारला, पुण्याच्या त्या गृहस्थांना विचारला, धुक्याला विचारला. आता आत्या काय सांगतात, हे ऐकायला मीही तितक्याच उत्सुकतेनं उभी होते.

"तिला बरं वाटतं," आत्या म्हणाल्या.

भाऊंनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "आन् मंग दावं कशापायी?"

"तुमच्यासारकी मानसं इचारत्यात म्हून!" आत्या कडाडल्या. "आदी रोज सकाळी ही भांडी आपटायची. घरात मानूस बसत नव्हतं हिच्याम्होरं. आता पळून येती आनि गप कामाला लागती. मी कशाला बोलू? बरं चाललंय ते बरं चाललंय."

मला रडू आलं आणि हसूही आलं. भाऊंची बायको आधी हसली, मग भाऊ हसले, मग कुंपणाशी काकीसुद्धा. आत्या नाही हसल्या. त्यांनी बायचं दावं सोडलं, तिला अंगणात मोकळी उभी केली आणि म्हणाल्या, "बसा हितं. संद्याकाळपत्तूर बसा. हलली तर सांगा." भाऊ तेवढा वेळ काही बसले नाहीत, पण जितका बसले तितक्यात बाय एकदा शेपटी हलवण्यापलीकडे काही हलली नाही.

सौदा झाला. पुढच्या आठवड्यात ते पिकअप घेऊन आले. आत्यांनी बायला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. जनावर देताना आमच्याकडे आपलं दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं त्याचं आणायचं. त्यांनी आणलेलं नवं दावं आत्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात बांधलं आणि गाठ दोनदा तपासली. गाडी गेल्यावर त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धीच भाकरी खाल्ली. म्हातारी म्हैस रिकाम्या जागेकडे तोंड करून हंबरत होती, तिला मात्र ओरडल्या, "गप बस की गं."

मी चारपाच दिवस पळायला गेले नाही. जावंसं वाटेना. पुन्हा भांडी आपटतेय का, हे माझं मलाच ऐकू यायला लागलं. मग एका सकाळी मी धार काढून बाहेर आले तर आत्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि माझे पांढरे बूट त्यांनी उंबऱ्यापाशी आणून ठेवले होते.

"जातीयास ना?"

"जाऊ का?"

"पळायाचंच हाय तर कुरवंड्यापत्तूर जा," आत्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "माजी बाय कशी हाय, बगून ये. माज्यानं काई जाववत न्हाई."

मी तेवढं अंतर कधी पळाले नव्हते. लोणावळा ओलांडायचं, मग चढ. खरं सांगायचं तर निम्मं पळाले आणि निम्मं चालले, आणि शेवटच्या चढाला तर गुडघ्यांवर हात ठेवून वर गेले. वर वारा इतका होता की घाम जागच्या जागी गार झाला. भाऊंचं घर सापडलं. बाय जांभळीखाली बांधलेली, पुढ्यात हिरवा चारा. भाऊंची बायको तिची मान खाजवत होती. मी जवळ गेले आणि आत्यांसारखाच आवाज काढून हाक मारली, "बाय!" तिनं एक कान माझ्याकडे वळवला. मग परत चारा खायला लागली.

मला तिचा राग आला. आत्यांच्या वतीनं आला. एवढं हातानं पाजलं, एवढं तिच्याशी बोलल्या, आणि पाच दिवसांत ही अशी निवांत? पण रागानं बघता बघता मला दिसलं की तिची कातडी चकाकतेय, पाणी भरपूर ठेवलंय, आणि कड्याच्या बाजूला त्यांनी तिच्यासाठी म्हणून नवं कुंपण घातलंय.

येताना रिक्षा केली, हे लपवत नाही. पाय उचलत नव्हते. रिक्षात बसून मी आत्यांसाठी एक खोटं तयार केलं. मला बघून बाय हंबरली, दावं ताणलं, डोळ्यांत पाणी आलं. चांगलं सजवून तयार केलं.

आत्या ओट्यावरच होत्या. मी बसायच्या आत विचारायला लागल्या. पानी पिती का? चारा कसला देत्यात? सावली हाय का? मी सगळं सांगितलं, कुंपणाचंही. मग त्या अंगणातली एक काडी उचलून तिचे बारीक तुकडे करत राहिल्या.

"मला इसरली का?"

खोटं तोंडाशी आलेलं होतं. ते बाहेर पडेना.

"इसरली का ते न्हाई ठावं, आत्या," मी म्हणाले. "पन तिला बरं वाटतंय तितं."

आत्यांनी हातातले काडीचे तुकडे खाली टाकले.

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.